उसना पत्ता

४ जानेवारी

ठोंब्या,

"अध्यक्षसाहेब" अशी सुरुवात करणार होते, पण हात वळेना. सगळ्या खोऱ्याचा अध्यक्ष झालास तरी माझ्या लेखी तू तोच, बादलीत पाय अडकवून घरभर ठणाणा करत फिरणारा. फोन केला की तू कापतोस. पत्र कापता येत नाही. फार तर फाडशील, पण फाडण्याआधी दोन ओळी नजरेखालून जातीलच, आणि मला तेवढ्या पुरे आहेत.

आई गेल्यापासून आपण बोललो नाही, त्याला तीन वर्षं होतील. ते भांडण उकरायला बसलेली नाही. उकरायचंच असतं तर बस पकडून दारात येऊन उकरलं असतं, तू मला ओळखतोस. लिहितेय कारण माझा अपमान झालाय, आणि तो सख्ख्या भावाला नाही सांगायचा तर काय चहावाल्याला सांगायचा? खरं तर त्यालाही सांगून झालंय.

झालं असं. परवा आरोग्य खात्याने हॉस्पिटलच्या दारात एक भलामोठा नकाशा लावला. पासष्टच्या पुढची किती माणसं कॅन्सरने जातात, भागवार. जिथे कमी तिथे फिका रंग, जिथे जास्त तिथे गडद. सगळा मुलूख त्यात आलाय. आणि त्या सगळ्या मुलखात एकच ठिकाण काळंकुट्ट. कुठलं? आमची गल्ली! हॉस्पिटलच्या समोरची, माझ्या खोल्यांची. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. डांबर सांडावं तशी दिसत होती.

मग मी आपलं खोरं शोधलं. धुतल्या तांदळासारखं! एक डाग नाही. खरं सांगते, क्षणभर ऊर भरून आला. म्हटलं बघा, आमच्या माहेरचं हवापाणी. तुझी ती पाटी आठवली, बस थांब्यावरची, "निरोगी खोरे, येथे माणूस फक्त म्हातारपणाने जातो." तुला त्यावर सरकारी बक्षिसाची ढाल मिळाली तेव्हा मी तोंडाने काही बोलले नसेन, पण गल्लीत सगळ्यांना सांगितलं होतं.

चहावाला म्हणतो, "मावशी, तुमच्या गल्लीत म्हातारं होणं म्हणजे जिवावरचं काम दिसतंय." मी म्हटलं, "अरे, साठी उलटून किती वर्षं झाली मला, तीन मजले चढते उतरते. तू चाळिशीत दोन कप वर आणताना धापा टाकतोस." तो कप गोळा करून निघून गेला, पण मला काही झोंबायचं राहिलं नाही.

कारण माझ्या खोल्यांना कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत. तू एकदाच आलास, तेही रागात, म्हणून सांगते. पाच खोल्या. न्हाणीघरात बसायला खुर्ची, प्रत्येक पलंगाच्या उशाला ओढायची दोरी आणि तिच्या दुसऱ्या टोकाला माझ्या खोलीत घंटी. आरसे मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलेत. औषधाने केस गेले की माणसाने आरशात कधी बघायचं ते त्याचं त्याने ठरवावं, भिंतीने नाही. ही माझी अक्कल, कुणाकडून शिकलेली नाही. लांबलांबून लोक येतात, तीनचार महिने राहतात, आणि जाताना माझ्या गळ्यात पडून रडतात. काही जण जाताना रडत नाहीत, कारण ते चालत जात नाहीत. तेही असतंच. पण माझ्या घरात कुणी घाणीत किंवा एकटं गेलेलं नाही.

तर अशा गल्लीला काळं फासलंय. मी त्या खात्याला पत्र ठोकलंय. तुलाही ठोकलं. उत्तर नाही दिलंस तरी चालेल. (चालणार नाही.)

ताई


१९ जानेवारी

ठोंब्या,

माझ्या पत्राचा परिणाम झाला. तुझ्यावर नाही, खात्यावर. नकाशा करणारी बाई स्वतः दारात उभी राहिली. बाई कसली, पोरगीच, पाठीला सॅक, पायात खेळाडूंचे बूट. मला म्हणाली, "पत्र तुम्हीच लिहिलंत ना? 'तुमचे रंग तुमच्याच घराला लावा' असं?" मी म्हटलं, "मीच. आणि अजून बरंच लिहायचं होतं, कागद संपला." वाटलं आता भांडेल. तर ती खुदकन हसली आणि जिन्यात बसली. उंबऱ्याशी भांडणाऱ्याला मी हरवू शकते, पण हसणाऱ्याशी काय करायचं? चहा दिला.

ती म्हणाली, "मावशी, मलाही हा नकाशा खोटा वाटतोय. म्हणून तर मी आलेय. तुमच्या गल्लीत जेवढी म्हातारी माणसं राहतात, त्याच्या कितीतरी पट गेली आहेत. एक माणूस दोनदोनदा मरतो का?"

मी म्हटलं, "अगं बाई, ती माझी माणसं."

मग तिला सगळं सांगितलं. लपवायचं काय त्यात? हॉस्पिटलात शहरात राहणाऱ्याचा आधी नंबर लागतो, बाहेरून आलेल्याला थांबावं लागतं. आणि बाहेरून येणारा आधीच उशिरा आलेला असतो. पार पलीकडून, दिवसभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून. त्याने आणखी थांबायचं? मग मी माझा पत्ता देते. भाड्याची पावती देते, "हे माझ्याकडे राहतात" असं लिहून देते. खोटं कुठे आहे, राहतातच की! साखर उसनी द्यावी तसा मी पत्ता उसना देते. गल्लीत सगळेच खोलीवाले देतात. बरा झालेला माणूस घरी गेला की पत्ता आपोआप परत येतो. जो जातो, तो मात्र कागदावर इथलाच राहतो.

आणि लाजबीज मला काही वाटत नाही. उद्या कुणी आलं तर उद्याही देईन, हे तिला तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "द्याच. पण मावशी, तुमच्याकडे येतात ते कुठले?"

मी सांगू लागले. धरणापलीकडचे थोडे, खाणीकडचे थोडे, आणि मग माझी जीभ अडखळली. कारण निम्म्याहून जास्त आपल्या खोऱ्यातले, ठोंब्या. माहेरची माणसं म्हणून मीच तर हौसेने ठेवून घेते. आपला जुना शिंपी आला होता. शाळेच्या घंटेवाल्याची बायको. वरच्या आळीतला तो बोबडा सुतार, तुला पतंग करून द्यायचा तो. सगळे तुला सांगून निघतात की लेकीकडे चाललो, हवापालटाला चाललो. इथे माझ्या खोल्यांत असतात. आणि मला प्रत्येक जण पहिली गोष्ट हीच सांगतो, "गावाकडे बोलू नका हं, ताई."

पोरीने सॅकमधून नकाशा काढून मांडीवर पसरला. मग म्हणाली, "म्हणजे खोरं पांढरं नाहीच. ते फक्त रिकामं आहे. जे इथे आले त्यांना मी तुमच्या गल्लीत मोजलं. आणि जे आलेच नाहीत, घरातच गेले, त्यांच्या नावापुढे 'म्हातारपण' लागलं. त्यांना तर मी कुठेच मोजलं नाही."

आणि आता खरी गोष्ट, नीट वाच. या नकाशावरून खातं नवं तपासणी केंद्र देणार आहे. यंत्रं, दोन डॉक्टर, सगळं. जो भाग सर्वांत गडद, तिथे. म्हणजे माझ्या गल्लीत! जिथून हॉस्पिटल दगड मारला तर लागेल एवढ्यावर आहे, तिथे. आणि जिथून माणूस गाठ वाढवून, बस बदलत बदलत येतो, तिथे काही नाही, कारण तिथला नकाशा पांढरा.

मला आता पांढरा रंग बघवेना झालाय.

ताई


७ फेब्रुवारी

अध्यक्षसाहेब,

तुमचं पत्र मिळालं. तीन वर्षांनी चार ओळी! कागदावर कचेरीचं नाव छापलेलं, खाली शिक्का. मी ते पत्र आधी छातीशी धरलं, मग वाचलं, मग टेबलावर आपटलं.

"खोऱ्याची बदनामी करण्याचा उद्योग तत्काळ थांबवावा." वा रे वा! मी उद्योग करतेय? आणि "आमचेकडे हा आजार नाही, ही बाब शासनमान्य आहे." अरे, शासनाने मान्य केलं म्हणून गाठ विरघळते का? आणि शेवटी, "तू पूर्वीही गोष्टी लपवल्या आहेस, तुझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याचे कारण दिसत नाही." म्हणजे आईचं काढलंसच. मी काढत नव्हते, तू काढलंस.

त्यावर आज काही बोलणार नाही. आज कामाचं बोलते.

त्या नकाशावाल्या पोरीने खात्यात भांडून एक संधी मिळवलीय. म्हातारी माणसं खरी राहायला कुठली होती, हे घरच्यांनी येऊन सांगितलं तर ती पुन्हा मोजेल. तिला तशी परवानगी आहे. पण माझ्या सांगण्यावर ते होणार नाही, मी नुसती खोलीवाली. घरचं माणूस हवं. मुलगा, मुलगी, नवरा, बायको. "आमचा माणूस कॅन्सरने गेला आणि तो इथला होता" असं त्याने तोंडाने बोलायचं आणि सही करायची. मार्चच्या पहिल्या रविवारी ती खोऱ्यात येतेय. बसायला तुमचं सभागृह हवं. किल्ली तुझ्याकडे असते. आणि किल्लीपेक्षा मोठं कुलूप तुझ्या नावाचं आहे. तू बसवलेल्या पाटीखालून जाऊन कोण बोलणार?

इथेही मला कुणी हार घालत नाहीये, हं. औषधवाला काल दुकानातून ओरडून म्हणाला, "घरी चालत आलेली लक्ष्मी हाकलताय, मावशी! केंद्र इथे झालं तर गल्लीचं भलं होईल." त्याचं खरं आहे. त्याची गिऱ्हाइकं वाढतील, माझ्या खोल्या कायम भरलेल्या राहतील. केंद्र तिकडे गेलं तर आपली माणसं लवकर सापडतील, तिथल्या तिथे बरी होतील आणि माझ्या दोन खोल्या तरी ओस पडतील. पडू देत. मी त्या झाडून ठेवीन आणि दारात बसून दाणे खाईन. खोल्या रिकाम्या राहिल्या याचा अभिमान वाटेल अशी खोलीवाली दुसरी दाखव मला.

सभागृह उघड. एवढंच मागते. आयुष्यात तुझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही, सायकल सोडून, आणि तीही तू दिली नव्हतीस.

ताई


२० फेब्रुवारी

ठोंब्या,

उत्तर नाही. पोरगी म्हणते, तुझ्या कचेरीने तिला "सभागृह दुरुस्तीसाठी बंद" असं कळवलंय. काय दुरुस्त करताय रे, सत्य?

मला हे पत्र लिहायचं नव्हतं. आईला शब्द दिला होता. तीन वर्षं पाळला. तू माझ्या जिन्यात उभं राहून, माझ्या भाडेकरूंच्या देखत मला "तू आईला मारलंस" म्हणालास, तेव्हासुद्धा पाळला. मला वाटतं आता आईच म्हणेल, सोड तो शब्द, पोरी.

तू म्हणतोस मी लपवलं. आई इथे आजारी होती आणि मी तुला "विश्रांतीला आलीय, मजेत आहे" असं फोनवर सांगत राहिले. हे खरं आहे. सांगत राहिले. कारण पलीकडे आई बसलेली असायची, माझं मनगट धरून.

ती माझ्याकडे आली तेव्हा ब्लाउजच्या आत रुमालाची घडी ठेवून आली होती. मी तिला आंघोळ घालताना बघितलं. मी तांब्या खाली ठेवला. म्हटलं, "आई, हे कधीपासून?" ती म्हणाली, "झालं बरंच. आधी वाटाण्याएवढी होती." मी विचारलं, "ठोंब्याला का नाही सांगितलंस? शेजारच्या खोलीत तर असतो." तर म्हणाली, "कसं सांगू? तेव्हाच पोराने पाटी लावली होती. ढाल मिळाली होती. अध्यक्षाच्याच घरात निघाला म्हटल्यावर लोक हसतील त्याला. मी त्याच्या पाटीला डाग लावू होय?"

दोन वर्षं, ठोंब्या. दोन वर्षं ती तुझ्या ताटात वाढत होती आणि ते आत वाढत होतं. डॉक्टरीण म्हणाली, वाटाण्याएवढी असताना आला असतात तर ही बाई नव्वदी बघती. म्हातारपणी तर ते फार हळू वाढतं, वेळ भरपूर होता.

हे तुला दुखवायला लिहीत नाही. खोटं नको बोलायला. थोडं दुखवायलाही लिहितेय, तीन वर्षं मी एकटीने सोसलं. पण तिने ते रडत सांगितलं नाही, हेही लक्षात घे. ताठ मानेने सांगितलं. "माझ्या पोराने अख्ख्या खोऱ्याचं नाव केलं" असं प्रत्येक नर्सला पकडून सांगायची. सलाईन लावायला आलेल्याला आधी तुझी ढाल ऐकावी लागायची. तिच्याइतका तुझा अभिमान कुणी केला नाही आणि त्या अभिमानानेच ती गेली.

आणि वर खोऱ्यात आईसारख्या किती असतील. तुझ्यावर माया करणारी अख्ख्या खोऱ्यातली माणसं, तुझ्या पाटीपायी पदराआड, सदऱ्याआड काय काय लपवून बसली असतील. तू वाईट अध्यक्ष असतास तर बरं झालं असतं रे. लोकांनी तुझी पर्वा केली नसती आणि वेळेवर डॉक्टरकडे गेले असते.

कागदावर आई माझ्या गल्लीतली आहे. दोन नंबरच्या खोलीतली. जन्मभर खोऱ्याबाहेर न पडलेली बाई. तिला तिच्या गावात मोजणारा माणूस जगात एकच आहे, कारण मला तर ते लोक म्हणतात, "तुमचाच पत्ता आहे, तुम्ही कसं सांगणार?"

तू आहेस तो.

ताई


१ मार्च

ठोंब्या,

पोरगी आज सकाळच्या बसने निघाली. सभागृह बंद असेल तर बस थांब्यावर टेबल टाकून बसेन म्हणाली. मी तिला म्हटलं, थंडी असते वर, शाल घे. तिने घेतली. माझीच आहे, ओळखशील.

तुझं काही आलं नाही. मागचं पत्र टाकलं आणि दुसऱ्या दिवशी पोस्टाच्या पेटीपाशी जाऊन उभी राहिले, परत काढता येतं का बघायला. नाही काढता येत. जेवलास का रे नीट? मला माहीत आहे, तू चिडलास की जेवतोस आणि दुखावलास की जेवत नाहीस.

उद्या काय होईल ते होवो. तू नाही उघडलंस तरी तू माझा भाऊच आहेस. फक्त मग मी तुझ्याशी मरेपर्यंत भांडेन, आणि मला लवकर मरायची सवय नाही.

ताई


४ मार्च

माझ्या ठोंब्या,

पोरगी काल थेट बसवरून इकडे आली. सॅकसुद्धा उतरवली नाही. जिन्यातच सांगायला लागली. मी तिला वर ओढली, पलंगावर बसवली आणि म्हटलं, पहिल्यापासून सांग, एक शब्द गाळशील तर बघ.

म्हणाली, ती पोचली तर सभागृह सताड उघडं. झाडलेलं, खुर्च्या मांडलेल्या. तूच दारात उभा. तिच्याशी एक अक्षर बोलला नाहीस, नुसतं टेबल दाखवलंस आणि जाऊन शेवटच्या रांगेत बसलास. लोक आले, हळूहळू भरलं. तिने सगळं समजावून सांगितलं, आणि मग विचारलं, कुणाला सांगायचंय? कुणी हलेना. खोकलासुद्धा नाही. मग तो म्हातारा पोस्टमन उठला, अजून ताठ आहे म्हणे, आणि बोलला, "आमच्यात कॅन्सर नाही, बाई. हवं तर अध्यक्षांना विचारा."

आणि अख्खं सभागृह मान वळवून तुझ्याकडे बघायला लागलं.

मी तिला म्हटलं, थांब जरा. मला पाणी पिऊ दे.

मग तू उठलास. ती म्हणते, तुला खुर्चीची पाठ धरावी लागली. म्हणालास, "मलाच विचारताय तर सांगतो. माझी आई कॅन्सरने गेली. मी तुम्हाला वयाने गेली म्हणून सांगितलं, ते खोटं. दोन वर्षं गाठ घेऊन ती माझ्याच घरात वावरली, माझी पाटी राहावी म्हणून. ती पाटी मी आज सकाळी काढली. माझी आई इथली होती. तिला इथे मोजा."

तिला इथे मोजा!

ठोंब्या, मी मोठ्याने ओरडले. चार नंबरच्या खोलीतले आजोबा घाबरून दोरी ओढायला लागले, त्यांना वाटलं आग लागली. मी त्यांना जाऊन सांगितलं, माझा भाऊ आहे तो, माझा भाऊ!

पुढचंही पोरीनेच सांगितलं. मग शिंप्याची बायको उठली, "माझा नवरा. घ्या लिहून." मग सुताराचा मुलगा. मग एकेक, एकेक. आणि शेवटी तो पोस्टमन, तोच, टेबलापाशी येऊन टोपी काढून म्हणाला, "माझी बायको. मी तिला लेकीकडे पाठवलीय म्हणून सांगत होतो." तिचा हात दुखून आला लिहून लिहून, पण तू तिला मध्ये चहा आणून दिलास, स्वतः. घरून चहा आणतोस आता? सुधारलास!

आज तिने खात्यात आकडे दिले. खोऱ्याचा रंग बदललाय, आता सगळ्यांत गडद तेच आहे. माझी गल्ली फिकी झाली, बघून ओळखू येईना. केंद्र तिकडे येणार, पोरीने खात्यात वर तसं लिहून दिलंय. चहावाला म्हणतो, "मावशी, तुम्ही भावाला काळं केलंत आणि स्वतः पांढऱ्या झालात." मी म्हटलं, "मेल्या, माझ्या भावाने एका दिवसात किती माणसं वाचवली तुला कळतंय का? अजून ती आजारी आहेत हे त्यांनाही माहीत नाही, आणि तो त्यांना वाचवून बसलाय." त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. औषधवाला फुगलाय. फुगू दे, औषधं त्याच्याकडेच आहेत.

मी आज गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. ज्याला ओळखते त्याला सांगितलं, ज्याला नाही त्यालाही. ढाल मिळाली होती तेव्हा सांगितलं त्याच्या दसपट. ढाल मिळवणारे ढिगाने असतात. भरल्या सभागृहात आपली ढाल खाली ठेवणारा मी हा एकच बघितला, आणि तो बादलीत पाय अडकवणारा निघाला.

केंद्र उघडेल तेव्हा पहिला तू आत जायचंस. सगळ्यांदेखत. वय झालंय तुझंही. मी येईनच, आणि तू पळालास तर कान धरून नेईन.

एक गोष्ट अजून सांगायची राहिलीय. आधीच्या पत्रात लिहिणार होते, हात धजला नाही. शेवटच्या आठवड्यात आई पाटीबद्दल बोलायची थांबली होती. एकच म्हणायची, "मला घरी ने." रोज. मी रोज म्हणायचे, नेते हं, उद्या नेते. तिला हलवता येण्यासारखं नव्हतं, रस्ताही बंद होता, आणि आपण तिला इथेच निरोप दिला. माझ्या हातून तेवढं एक झालं नाही.

आज पोरीने माझ्यासमोर आईच्या नावापुढचा माझा पत्ता खोडला आणि आपल्या घराचा लिहिला.

तू नेलंस रे तिला.

ताई